तिसरी खुर्ची

बाबांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन, पण गिऱ्हाईक बसायचं दोनच खुर्च्यांवर. तिसरी कोपऱ्यात होती. सुताराने तिथे दोन आरसे काटकोनात असे काही भिडवले होते, की माणूस इतरांना दिसतो तसा स्वतःला दिसायचा. गिऱ्हाईक भांग सारखा करायला जायचं आणि आरशातला कंगवा भलत्याच बाजूला. नको ती कटकट, म्हणून सगळे ती खुर्ची टाळायचे.

मग ती लेकीला मिळाली. शाळा सुटली की तिथेच तिचा अभ्यास, त्याच आरशात वेणीफणी. आठवडाभर वेणी वाकडी झाली, पुढे हात सरावले. असं उलटं का दिसतं, म्हणून तिने विज्ञानाच्या बाईंना भंडावून सोडलं आणि त्या नादात भौतिकशास्त्र, मग हवामानशास्त्र असं शिकत गेली. गणितात एकदा सपशेल आपटली, पण ऐकेल ती लेक कसली! पुढे सात वर्षं वेधशाळेत ढगांचे नकाशे वाचून तिने अंदाज लिहिले. टीव्हीवर ते वाचणारा मात्र तिची 'तुरळक सर' खुशाल धो धो पाडायचा. शेवटी वैतागून तिने त्याच जागेसाठी अर्ज केला.

बाबांना आनंद होता, पण एक खंतही होती. "तुझ्या शिक्षणातलं मला ओ की ठो कळलं नाही," ते म्हणाले. "कात्रीपलीकडे तुला द्यायला माझ्याकडे होतंच काय?" ते बोलणं तिच्या मनाला लागून राहिलं.

चाचणीला आठ जण होते, जागा एक. पाठीमागे नुसती हिरवी भिंत. तिच्यावर कॅमेऱ्याने चढवलेला नकाशा दिसायचा तो फक्त बाजूच्या पडद्यावर, आणि त्यात हात उलटे चालायचे. तिच्या आधीच्या रुबाबदार गृहस्थांनी डोंगरातला पाऊस सांगता सांगता बोट थेट समुद्रात बुडवलं. तिचा मजकूर तोंडपाठ होता, पण याची तयारी कुणी करून घेतली होती?

ती उभी राहिली, पडद्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. अरे, ही तर तिसरी खुर्ची! हात जिथे हवा तिथेच गेला. मध्येच कपाळावर आलेली बटसुद्धा तिने न चुकता कानामागे सारली. एवढा सराव कुठे केलात, असं निर्मात्याने विचारलं, तर म्हणाली, बाबांच्या दुकानात.

जागा तिला मिळाली. तडक सलून गाठून तिने सगळं सांगितलं. बाबांनी वस्तरा खाली ठेवला, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडलं आणि तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. हात वर करून पाहिला, खाली घेतला, पुन्हा वर केला.

"म्हणजे हे मी दिलं?"

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी नॅपकिनने डोळे पुसले. मग आरशात जरा वाकून म्हणाले, "लोकांना मी असा दिसतो होय? कात्री आण बघू. टीव्हीवालीचा बाप आहे मी आता."

फेसाने माखलेलं गिऱ्हाईक लेकीला म्हणालं, "आधी त्यांचे केस कापा. मला घाई नाही."