‘ब्रँडीवाइन’वरचा झाकणवाला

आमच्या जहाजावरच्या जुन्या खलाशांचं एक मंडळ आहे आणि मंडळाचं एक पत्रक निघतं. एल्पिडिओ बाक्लागान गेल्यावर पत्रकवाल्यांचा मला फोन आला, "पोन्सिंग, तू त्याच्या गावचा. दीडशे शब्द लिहून दे." दिले लिहून. जन्म कास्तियेहोसचा, भरती सुबिकच्या तळावर, सेवा सव्वीस वर्षं, पदकं अमुक इतकी, मागे बायको मिलाग्रोस आणि दोन मुली. वाचून पाहिलं तर सगळं खरं होतं आणि एल्पिडिओचा त्यात पत्ता नव्हता. म्हणून हे दुसरं लिहितोय. हे पत्रकात कुणी छापणार नाही, आणि मी पाठवणारही नाही.

एल्पिडिओ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. आमच्या फिलिपिनो मामालोकांच्या पिढीला अमेरिकेच्या नौदलात साहेबांची ताटं उचलण्यापलीकडे काम मिळत नसे. दादाच्या हातात पाना आला, इंजिनं आली, तेव्हा गावात डुक्कर कापून जेवण झालं होतं. मी मात्र मामांच्याच वाटेनं गेलो, स्वयंपाकी झालो. माझं त्यावाचून काही अडलं नाही. इंजिनाजवळ कुणी मुद्दाम गप्पा मारायला येत नाही, भटारखान्यात सगळेच येतात.

सत्त्याऐंशी साली ‘ब्रँडीवाइन’ नवीकोरी नौदलात दाखल झाली, त्या पहिल्या तुकडीत आम्ही दोघं होतो. नावात ब्रँडी आहे, वाइन आहे, पण जहाजावर थेंब मिळेल तर शपथ. क्षेपणास्त्रं मात्र एकशे बावीस. एकसष्ट पुढच्या डेकखाली उभी, एकसष्ट मागे. एक्क्याण्णवच्या आखाती युद्धात ती सुटायला लागली की माझ्या भाताच्या पातेल्यांवरची झाकणं उडायची. क्षेपणास्त्रं कुठं जाऊन पडतात हे आम्हाला कधी दिसलं नाही. सुटताना दिसायची, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या.

अठ्ठ्याण्णव साली दादा जनित्रांच्या खोल्यांचा मुकादम होता. हाताखाली चार माणसं. त्यातला एक टेरेल रिडिक, बावीस वर्षांचा, इथून, व्हर्जिनिया बीचहून, तासाभरावर असलेल्या सफोकचा. काळा, उंच, आणि तोंडाचा फटकळ. माझ्या खिडकीपाशी तिसऱ्यांदा ताट घेऊन यायचा आणि वर विचारायचा, "का रे कुक, आज भातानं तुझं काय बिघडवलं होतं? पार चेंदामेंदा केलास त्याचा!"

"मग कशाला घेतोस तिसऱ्यांदा?"

"एकदा तरी नीट झालाय का, ते बघतोय."

आता फुलीचं सांगतो. जहाजावर प्रत्येक झडप, प्रत्येक दार, प्रत्येक नळी ठरल्या दिवशी तपासायची असते. भिंतीवर पाटी असते, तिच्यावर चौकोन. ज्यानं तपासलं त्यानं चौकोनात फुली मारायची आणि खाली आपली आद्याक्षरं लिहायची. जहाज चालतं ते या फुल्यांच्या भरवशावर. आणि वरून तपासणी येणार असली की न बघताच फुल्या मारल्या जातात, हे साध्या खलाशापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. जो म्हणेल मी कधी मारली नाही, तो एक तर पाद्री असेल नाही तर खोटारडा.

मार्चच्या सुरुवातीला अशीच तपासणी ठरली. आदल्या दिवशी दुपारी मी कॉफीचा थर्मास घेऊन दादाकडे गेलो होतो. टेरेल पाटीसमोर उभा होता.

"बॉस, मागच्या जनित्राच्या खोलीतल्या विहिरीचं चाक फिरत नाही. दोघांनी जोर लावला, ढिम्म नाही."

विहीर म्हणजे सुटकेची वाट. माणूस मावेल एवढा उभा लोखंडी बोळ, आत शिडी, वर गोल झाकण. खाली आग लागली आणि नेहमीचा जिना बंद झाला, तर त्या शिडीनं चढायचं आणि चाक फिरवून झाकण उघडायचं.

"ग्रीस मार," दादा म्हणाला.

"ग्रीसनं नाही भागायचं. सगळं खोलून बसवावं लागेल. दिवस जाईल."

"दिवस आहे कुठं? उद्या सकाळी तपासणीवाले येतायत. आज फुली मार. समुद्रात निघालो की पहिलं काम तेच."

"फुली मी मारू? फिरत नाही हे माहीत असून?"

"मग काय माझ्या आज्जीनं मारायची? चौकोन तुझा आहे. मार आणि चल."

टेरेलनं माझ्याकडे बघितलं. मी कॉफी ओतत होतो. त्यानं फुली मारली.

तपासणी झाली, शाबासकी मिळाली, जहाज निघालं. पहिलं काम पहिलं राहिलं नाही. एक दिवस पंप बिघडला, एक दिवस सराव होता. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मागच्या जनित्राची तेलाची नळी फुटली आणि आग लागली. तिघं जिन्यानं वर आले. टेरेल तेलाची झडप बंद करायला मागे थांबला. ती त्यानं बंद केली, म्हणून आज हे लिहायला मी जिवंत आहे. तोवर जिना धुरानं भरला होता. तो विहिरीकडे गेला.

झाकण वरून दादानंच उघडलं, चार हात लांब लोखंडी नळी लावून. टेरेल शिडीच्या वरच्या पायरीवर अडकून होता, आणि चाकाला त्याच्या तळहातांची कातडी चिकटली होती. दादानं हे मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

चौकशीला तीन अधिकारी बसले. पाटीवर टेरेलची आद्याक्षरं होती. दादाला विचारलं, "चाक फिरत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

दादा म्हणाला, "नाही, सर."

आदल्या दिवशी तो भटारखान्यात येऊन माझ्यासमोर रडला होता. "पोन्सिंग, मी सांगून टाकतो." तो त्या वर्षी चीफच्या बढतीच्या यादीत होता, मुली सहा आणि नऊ वर्षांच्या होत्या. मी म्हणालो, "दादा, गेलेला परत येणार आहे का? मेलेल्याला कसली शिक्षा? तुझ्या घरची तीन तोंडं मात्र रस्त्यावर येतील. गप्प बस." कांदे चिरत चिरत बोललो मी हे. कांद्यांमुळे माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला स्वतःचं बोलणं फार मायेचं वाटलं.

टेरेलच्या आईबापांना पत्र गेलं. तुमच्या मुलानं झडप बंद करून जहाज वाचवलं, सोबत पदक पाठवत आहोत. आणि पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की ज्या झाकणापाशी तो गेला, त्याची तपासणी न करताच त्यानं केल्याची खूण केली होती.

दादा चीफ झाला. आणि चीफ झाल्यावर त्याला वेडच लागलं म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी तो जहाजावरचं एकेक झाकण स्वतः फिरवून बघायचा. पोरं त्याला झाकणवाला म्हणायला लागली. त्याच्यासमोरच म्हणायची, "झाकणवाले, आमच्या कुकच्या पातेल्यांवरची राहिली की!" तो हसायचा नाही. जहाजानं पुढे चाच्यांचा पाठलाग केला, वादळानंतर पाणी वाटलं, आणखी दोन युद्धांत क्षेपणास्त्रं सोडली. दादाला त्यातलं काही सांगता यायचं नाही. कुठलं चाक कधी कडक झालं होतं, ते मात्र तारखेसकट सांगायचा. निवृत्त झाल्यावर इथं व्हर्जिनिया बीचला शाळेत देखभालीचं काम धरलं. लग्नाला गेला तरी आधी हॉलचं मागचं दार ढकलून बघायचा. मिलाग्रोस म्हणायची, "नवरा-नवरी इकडे आहेत हो, दारात नाहीत!"

दर उन्हाळ्यात मंडळाची सहल असते आणि टेरेलची आई दरवर्षी यायची. इकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिस म्हणतात, म्हणून आम्ही तिला मिस ओडेसा म्हणायचो. टेरेलच्या बापाला मी एकदाही पाहिलं नाही. ती एकटीच यायची. दादा तिचा हात घेऊन कपाळाला लावायचा, जसा आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांचा लावतो. पहिल्यांदा ती दचकली होती. नंतर गाडीतून उतरली की आपणहून हात पुढे करायची. मी केलेल्या शेवया आणि लुंपियाचे, म्हणजे सारण भरून तळलेले, रोल तिला फार आवडायचे. मी तिच्यासाठी एक पुडकं वेगळं बांधून ठेवायचो. "माझ्या पोरानं पत्रात लिहिलं होतं, कुकला भात जमत नाही म्हणून. बाकी सगळं जमतं हं तुला," असं दरवर्षी म्हणायची.

दोन हजार बावीस साली ‘ब्रँडीवाइन’ निवृत्त झाली. नॉरफोकच्या धक्क्यावर सप्टेंबरच्या उन्हात खुर्च्या मांडल्या होत्या. जहाजाचं वरचं बांधकाम तडकलेलं, रंगाखालून गंज आलेला. पस्तीस वर्षांच्या सेवेचा इतिहास एका पुस्तिकेत छापून प्रत्येकाच्या हातात दिला होता. कप्तान माइकवरून त्यातलं मोठं मोठं वाचत होता, इतके सागरी मैल, इतक्या मोहिमा. मधे मिस ओडेसा, तिच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. तिनं पुस्तिका चाळून अठ्ठ्याण्णवच्या पानावर बोट ठेवलं.

"एल्पिडिओ, बाळा, इथं टेरेलचं नाव दिसतंय. अक्षरं फार बारीक आहेत रे. वाच जरा."

दादानं पुस्तिका घेतली आणि वाचायला लागला. "मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मागच्या जनित्रकक्षात आग. खलाशी टेरेल रिडिक..." आणि थांबला. पुढे काय होतं ते मी वाकून वाचलं. 'यांचा स्वतःच्या हयगयीमुळे सुटकेचा मार्ग बंद राहून मृत्यू.'

"वाच ना," ती म्हणाली.

"हे खोटं आहे, मिस ओडेसा."

"काय खोटं आहे?"

"त्यानं मला सांगितलं होतं, चाक फिरत नाही म्हणून. फुली मारायला तो तयार नव्हता. मी मारायला लावली. आणि चौकशीत मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं."

समोर बँड सुरू झाला. जहाजावरचे खलाशी रांगेनं उतरायला लागले, लोक टाळ्या वाजवायला लागले. तिनं दादाच्या हातातली पुस्तिका घेऊन मिटली. मग बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"होसिया, त्याचा बाप, एकतीस वर्षं शेंगदाण्याच्या गिरणीत यंत्रं तपासायचा. न बघता कशावर सही केली नाही त्यानं. ते पत्र आलं त्या दिवशी त्यानं टेरेलचा फोटो भिंतीवरून उतरवला. पदक ट्रंकेत टाकलं. मी म्हणायचे, अहो, पोर गेलंय आपलं. तर म्हणायचा, कामचुकारपणानं गेलंय. शेवटच्या आजारातसुद्धा मला तो फोटो लावू दिला नाही." तिनं चष्मा काढला. "आणि मी तरी काय केलं? मीपण मानलंच. चोवीस वर्षं मी माझ्या लेकराला कामचुकार समजले."

"मला माफ करा," दादा म्हणाला.

"तुझं राहू दे. माफी मलाच मागायचीय. ज्याची मागायची तो नाही, आणि ज्याला ही गोष्ट सांगायची तोही नाही. कुणाच्या दारात जाऊ मी, सांग ना!"

दादा खुर्चीवरून उतरून खाली काँक्रीटवर गुडघ्यांवर बसला. तिनं त्याला उठवलं नाही, दूरही केलं नाही. ती वळली ती माझ्याकडे.

"आणि पोन्सिंग, तू रे? तुला कधी कळलं हे?"

"त्याला काही माहीत नाही," दादा पटकन म्हणाला. खाली बसल्या जागेवरूनही मला वाचवत होता. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढं मला चांगलं येतं.

का कोण जाणे, तोंडून निघून गेलं. "मी तिथंच होतो, मिस ओडेसा. कॉफी घेऊन."

मी नेहमीसारखं तिच्यासाठी बांधून आणलेलं पुडकं तिनं खुर्चीखालून उचललं आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"चोवीस वर्षं तुझ्या हातचं जेवले मी," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दादानं सगळं लिहून नौदलाला पाठवलं. प्रकरण बंद झालं आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते उत्तर घेऊन तो सफोकला गेला, आणि त्याच्यासमोर मिस ओडेसानं टेरेलचा फोटो भिंतीवर लावला. खिळा ठोकायला तिनं दादालाच सांगितलं, असं मिलाग्रोसकडून कळलं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत दादा फुप्फुसाच्या आजारानं गेला. मयताला मिस ओडेसा काठी टेकत आली. पेटीशी उभी राहिली, दादाचा थंड हात उचलून तिनं स्वतःच्या कपाळाला लावला. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दीडशे माणसांचं जेवण मी रांधलं होतं आणि दारातच उभा होतो. ती माझ्या अंगावरून गेली तेव्हा मी म्हणालो, "जेवून जा ना." दादानं आपणहून सांगितलं होतं, मला विचारावं लागलं होतं. ती न थांबता गाडीपाशी गेली.