रस्त्यापलीकडून वाचता येईल असं पोस्टर

सातवीत शाळा सोडली आणि मंगळवेढ्याकडून थेट जळगावात येऊन एका पेंटरच्या दुकानात चिकटलो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं करायचो. हात बरा होता, पण छातीत कायम धाकधूक. एखादी पाटी बिघडली, मालकांनी हाकललं, तर एवढ्या लांबून घरी जाऊन तोंड कसं दाखवायचं?

नव्वद सालच्या सुमारास केळीवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम दुकानात आल्या. धुळ्याला परिषद होती. तिथं भाषण न करता आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून लावायचं, त्याला पोस्टर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मला पोस्टर म्हणजे सिनेमाचं तेवढं ठाऊक.

उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यानं केळीची पानं चिरफाळतात, झाडं मोडून पडतात. बागेभोवती शेवरीची दाट झाडं लावली तर बाग वाचते, हे मॅडमनी सावद्याजवळ एका लहानशा तुकड्यावर करून पाहिलं होतं. आता खरी मोठी बाग हवी होती आणि कुणी देत नव्हतं.

"परिषदेला बागायतदार येणारेत," त्या म्हणाल्या. "एक जरी पोस्टरसमोर थांबला आणि बाग देतो म्हणाला, तर काम पुढं जाईल. नाहीतर संपलं इथंच. मागच्या वेळी टाइप केलेले कागद टाचले होते. कुत्रंसुद्धा उभं राहिलं नाही."

मी जीव ओतून पोस्टर केलं. सावलीची अक्षरं, कडेनं वेल, मधोमध केळीचा घड, आणि त्यांनी दिलेला मजकूर शब्द न गाळता बसवला. आमच्या धंद्यात पांढरी जागा राहिली की गिऱ्हाईक म्हणतं, पेंटरनं आळस केला.

मॅडमनी अक्षर वाखाणलं. मग पोस्टर दुकानाच्या शटरला लावायला सांगितलं आणि मला घेऊन रस्त्यापलीकडं गेल्या. चोपड्याकडचे एक आजोबा पिशवी घेऊन चालले होते, त्यांना थांबवलं.

"आबा, ते समोरचं बघा बरं. काय समजलं?"

आजोबांनी डोळे बारीक केले. "लगननी पत्रिका शे का?"

मग रस्ता ओलांडून जवळ गेले आणि खो खो हसायलाच लागले. "अन् हाऊ घड कोन्ही काढा रे भो? बठ्ठा केया खाले तोंड करी राह्यनात!"

झाडावरच्या घडात केळी वर वळलेली असतात, माझ्या चित्रात सगळी खाली तोंड करून होती. मी आपला ज्वारीच्या मुलखातला. केळी पाहिली ती हातगाडीवर टांगलेली, तशीच काढली. चार माणसं जमून हसू लागली आणि वरचा मजकूर कुणी वाचलाच नाही.

मॅडमही हसत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "चूक माझी. तुम्हाला बाग न दाखवताच घड काढायला लावला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीनं सावद्याला नेलं, झाडावरच्या भरलेल्या घडाखाली बसवलं आणि म्हणाल्या, "हवं तेवढं बघा. घाई नाही." मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर दुकानाच्या बाकड्यावर बसून त्या स्वतःचाच मजकूर खोडू लागल्या. हे मी कधीच विसरणार नाही. पद्धत गेली, आभार गेले. उन्हातान्हात उभं राहून केलेल्या मोजमापांचा एक तक्ता होता, त्यावरही काट मारली.

"मॅडम, हे तरी राहू द्या. किती कष्ट आहेत त्यात."

"कष्ट मला ठाऊक आहेत, पेंटर. लोकांना बाग दिसू दे."

शेवटी उरल्या शेजारी शेजारी दोन बागा, एक उघडी, फाटलेली, दुसरी शेवरीच्या आडोशाला हिरवीगार. वर ठळक ओळ : शेवरीनं बाग वाचली. खाली थोडासा मजकूर. कोपऱ्यात एखादं फूल काढू का, असं मी पुन्हा पुन्हा विचारत होतो.

"डोळ्याला टेकायला जागा नको?" म्हणत त्यांनी मला आवरलं.

धुळ्याच्या एसटीत पोस्टरची गुंडाळी मी मांडीवरच ठेवली. हॉलमध्ये लावून झाल्यावर मॅडमनी मला बाजूला ओढलं. "समोर उभं राहू नका, माणसं बुजतात." बराच वेळ कुणीच आलं नाही. मॅडम पलीकडं कुणाशी तरी बोलायला गेल्या. तेवढ्यात फैजपूरचे एक बागायतदार चहाकडं निघालेले, मध्येच थबकले. जवळ आले.

"शेवरी केळीपासून किती लांब लावायची, भाऊ?"

मी पोस्टरवर शोधलं. नव्हतंच! ओळ माझ्या हातून गळाली की काय? धावत मॅडमना बोलावून आणलं.

(मुद्दामच लिहिलं नव्हतं, असं त्या परतीच्या एसटीत म्हणाल्या. "सगळं तिथंच मिळालं असतं तर ते चहाला गेले असते की.")

त्यांनी अंतर सांगितलं, तसे बागायतदार तावातावानं म्हणाले, "अन् ही शेवरी माझ्या केळीचं पाणी पिईन, त्याचं काय, ताई?"

"पिणारच. किती पिते तेच तर मोजायचंय. मोजायला बाग कुणी देत नाही."

"नुकसान झालं तं?"

"तर पुढच्या परिषदेत त्याचंही पोस्टर लावीन. तुमच्या नावानिशी."

भोवती जमलेले हसले, बागायतदारही हसले. "नाव नका लावू, ताई. नदीकडची बाग आहे माझी, वारा पहिला तिथंच घुसतो. कधी येता?"

इतके दिवस एकदाही न डगमगलेल्या मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "उद्याच." मग हॉलकडं नजर गेली. "नाही नाही, परवा. उद्या परिषद आहे ना अजून."