खांबेट्यांचा बुधवार

सव्वानऊ वाजले की खांबेटे मस्टरवर स्टीलची पट्टी ठेवून शेवटच्या सहीखाली लाल रेघ मारायचे. रेघेखाली सही म्हणजे लेटमार्क. एकदा मी जिना चढतेय हे त्यांनी वरून पाहिलं, माझ्याकडे पाहतच रेघ मारली आणि म्हणाले, "राणेबाई, रेघेला पाय नसतात. ती थांबत नाही, सरकतही नाही." मला हा माणूस आवडत नव्हता, आणि हे वाचून तुम्हाला आवडावा अशी माझी अपेक्षाही नाही.

वर्तकनगरात आमचं ऑफिस. लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घेणारी छोटी कंपनी, आत आम्ही आठ जण, खांबेटे व्यवस्थापक. टाळेबंदीत सगळे घरी बसलो तेव्हाही सव्वानऊला त्यांचा फोन यायचा. "हजर?" एवढंच. हो म्हटलं की फोन बंद. कशी आहेस, घरचे कसे आहेत, काही नाही. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दोन मजले सील होते, तेव्हाही फक्त "हजर?"

त्याच काळात खडवलीला एकट्या राहणाऱ्या माझ्या आईची नजर अधू झाली. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं आणि सिरिंजवरचे आकडे तिला दिसेनात. गाव सोडायला ती तयार नव्हती. शेजारची सुमन इंजेक्शन द्यायला शिकली, पण मंगळवार-बुधवार ती पहाटेच भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जाते. ते दोन दिवस मी लॅपटॉप घेऊन आईकडे राहू लागले. काम कुठेही अडलं नाही. उलट पाठदुखी गेली, आणि कित्येक वर्षांनी मी आईच्या हातचं गरम जेवले.

ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा खांबेट्यांनी सगळ्यांना सहाही दिवस यायला सांगितलं. मी थेट शेठकडे गेले. मंगळवार-बुधवार घरून काम द्या, नाहीतर राजीनामा घ्या, असं सांगितलं. खांबेटे तिथेच होते. म्हणाले, "डोळ्यांना दिसतं ते काम. बाकीच्याला मी रजा म्हणतो." मीही ऐकवलं, की पंधरा वर्षं तुम्ही आमच्या खुर्च्या मोजल्यात, काम कधी पाहिलंत? शेठ व्यवहारी माणूस. दोन दिवस एसी बंद राहील, हे त्याला पटलं. मंगळवार-बुधवार ऑफिस बंद, सगळ्यांनी घरून काम, असं सर्क्युलर निघालं. खांबेट्यांनी ते स्वतः टाइप केलं आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग त्यांनी सूड घेतला. एका मंगळवारी एका कंत्राटाची फाइल हवी म्हणून खडवलीला जायच्या आधी मी ऑफिस गाठलं. ग्रिलच्या आत खांबेटे एकटेच बसलेले. ते रोज यायचेच.

"आज ऑफिस बंद आहे."

"तुम्ही आत आहात की."

"मी सही केलेली नाही. गुरुवारी या."

फाइल त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, चार पावलांवर. दिली नाही. गिऱ्हाइकाची बोलणी मी खाल्ली आणि आईचं इंजेक्शन तासभर उशिरा झालं. त्या दिवशी मी त्यांना मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी एका बिल्डरने वीस लिफ्टचं काम देऊ केलं. त्याला बुधवारच सोयीचा होता. शेठने फर्मावलं, या बुधवारी सगळे या. मी सुमनला विचारलं, तिला बाजार सोडणं परवडणारं नव्हतं. आता कोणाचे पाय धरायचे, या विचारात मी बसलेली, तेवढ्यात खांबेटे उभे राहिले.

"शेठ, बुधवारी नाही. सर्क्युलरवर सही तुमची आहे. आज एक बुधवार दिलात, की पुढचे सगळे तो मागणार."

शेठचा चेहरा उतरला, पण बिल्डर गुरुवारी आला. मी आभार मानायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं. घरून काम मला आजही पटत नाही. पण ठरलंय."

ते निवृत्त झाले तो दिवसही बुधवारच होता. सगळ्यांनी यावं, हार-नारळ द्यावा, असं एकाने सुचवलं. खांबेटे म्हणाले, ऑफिस बंद असतं. मंगळवारी बंद, बुधवारी बंद, आणि सोमवारी तर मी अजून नोकरीत आहे. विषय संपला. मी गेले नाही. त्या सकाळी सव्वानऊला मी खडवलीला आईची सिरिंज भरत होते. गुरुवारी पाहिलं तर टेबल पुसलेलं, किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या. मस्टरवर बुधवारच्या रकान्यात आठही नावांपुढे लिहिलेलं, "कार्यालय बंद". स्वतःच्या नावापुढेही. वॉचमन म्हणाला, साहेब सहापर्यंत बसले होते.

नवा व्यवस्थापक तरुण आहे, गोड बोलतो, सगळ्यांना ताई-दादा म्हणतो. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, या बुधवारी जरा येऊन जाल का? फक्त एकदाच."

"बुधवारी नाही," मी म्हटलं. "ठरलंय."

माझ्या तोंडून कोण बोलतंय ते मला कळलं, आणि मुळीच आवडलं नाही. पलीकडे त्याने गुरुवार लिहून घेतला.