आवळलेली गाडी

माझा नवरा बँकेत आहे आणि मी इथे बहरीनमध्ये मआमीरजवळच्या एका कारखान्यात पंपांच्या देखभालीचं काम बघते. घरातल्या आकड्यांची वाटणी आम्ही फार पूर्वीच करून टाकली आहे. व्याजाचे दर त्याचे, दाब आणि ताकद माझी. गाड्यांच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ माझ्या हद्दीत घुसला, आणि तेही मला न सांगता.

बहरीनला हवा जरा निवली की इथल्या मराठी मंडळींना मोटरसायकलींचं वेड लागतं. उन्हाळाभर बेसमेंटमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्या दसऱ्याला धुऊन पुसून बाहेर निघतात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, आणि मग सगळा हिवाळा दर शुक्रवारी सकाळी वाळवंटातल्या सखीरच्या रस्त्यावर आमची वरात निघते. पुरुष पुढे, बायका मागे, बायकांच्या मांडीवर पोह्यांचे डबे. कितीतरी वर्षं मी नवऱ्याच्या हेल्मेटची मागची बाजू बघत सगळा देश फिरले. खरं तर मागे बसणं माझ्या रक्तातच नाही. कोल्हापुरात मी वडिलांची मोटरसायकल घेऊन कॉलेजला जायचे आणि गल्लीतली पोरं बघत राहायची. शेवटी लेक शिकायला जर्मनीला गेली, घर मोकळं झालं, आणि मी इथला मोटरसायकलचा परवाना काढला. शिकवणारा माणूस तासभर मागून 'यल्ला मदाम, यल्ला', म्हणजे चला चला, एवढंच ओरडायचा, पण शिकवायचा चांगलं.

नवऱ्याने स्वतःसाठी नुकतीच दोन सिलिंडरची नवी गाडी घेतली होती. माझा परवाना आल्यावर त्यानेच माझ्यासाठी गाडी शोधली. त्याच्या ओळखीतला एक युरोपियन माणूस देश सोडून चालला होता आणि घरातलं फर्निचर, कुत्र्याचं घर, मोटरसायकल असं सगळं विकत होता. गाडी त्याने युरोपातूनच आणलेली, अगदी नवऱ्याच्याच मॉडेलची, फक्त रंग वेगळा. मी इतकी खूश झाले की सांगता सोय नाही. आता एकाच ताकदीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी धावणार, असं मी मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं.

पहिल्या काही शुक्रवारी मजा आली. सिग्नलवरून दोघं एकदम सुटायचो. पण सखीरकडचा सरळ रस्ता लागला की नवरा आणि त्याचे मित्र हळूहळू लहान होत जायचे आणि मी मूठ पिळत मागे राहायचे. एका मर्यादेपर्यंत गाडी छान ओढायची आणि मग मूठ कितीही फिरवा, पुढे काही यायचंच नाही. मंडळी पुढे सावलीत थांबून माझी वाट बघायची. "वहिनी, घाबरत जाऊ नका हो, सावकाश या," असं कुणीतरी म्हणायचं आणि नवरा पोह्यांचा डबा उघडण्यात गुंतलेला असायचा. मला घाबरट म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय.

आधी मी स्वतःलाच दोष दिला. मग वाळूला दिला. इथली बारीक धूळ कुठेही शिरते, तेव्हा हवेचा फिल्टर चोंदला असणार असं वाटलं. एका दुपारी बेसमेंटमध्ये टाकी उचलून, हवेचा डबा काढून बसले. फिल्टर स्वच्छ होता. सहज मूठ फिरवून आत डोकावले, तर इंजिनात हवा सोडणारी झडप अर्ध्यावर येऊन थांबत होती. पुढे एक छोटासा धातूचा तुकडा बसवलेला होता, नीट, मुद्दाम, कारखान्यातूनच. आमच्याकडे एखाद्या व्हॉल्व्हला कुणी असा अडसर घातला तर मी अख्खी शिफ्ट उभी करून जाब विचारते.

लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आई, रिलॅक्स. इकडे नवीन रायडर्सना अशाच बाइक्स मिळतात. लायसन्सचा रूल आहे. पंच्याण्णव हॉर्सपॉवरची बाइक सत्तेचाळीसवर लॉक करतात, दोन वर्षांनी अनलॉक. बाबांना माहीत आहे ना हे? बाइक घ्यायच्या आधी त्यांनीच मला सगळ्या डिटेल्स विचारल्या होत्या."

बाबांना माहीत होतं तर.

तो संध्याकाळी बँकेतून आला तेव्हा मी चहासुद्धा ठेवला नव्हता. टेबलावर पाना आणि फिल्टर ठेवून बसले होते.

"मला खुळी समजलाय व्हय तुम्ही?" रागावले की माझी भाषा थेट रंकाळ्याला जाते. "निम्मी गाडी आणून दिली आणि वर महिनाभर माझी गंमत बघत बसला?"

"अगं, गंमत नाही. काळजी." तो टाय सोडवत म्हणाला. "निम्मी पॉवर म्हणजे निम्मी रिस्क. साधा हिशोब आहे."

हा साधा हिशोब ऐकून माझं डोकं आणखी सटकलं. मी कणकेचा डबाच काढला. म्हटलं, नीट बघा. लाटणं दाबायला मनगटाचा जो जोर लागतो तो टॉर्क, आणि तासाभरात तव्यावरून किती पोळ्या उतरतात ती अश्वशक्ती. सिग्नलवरून निघायला जोर लागतो, तो माझ्या गाडीत तुमच्याइतकाच आहे. तुमचे ते पंच्याण्णव घोडे इंजिन बेंबीच्या देठापासून किंचाळायला लागलं की मग कुठे जागे होतात. आणि ते मोजलेत इंजिनाच्या दांड्यावर. चाकापर्यंत पोचताना त्यातले काही गळतात, नारळ सोलला की हलका होतो तसे. गर्दीत कुणी आडवं आलं तर माझी गाडी तुमच्यापेक्षा तिळभरही सुरक्षित नाही. निम्मा धोका कुठून आला मग?

त्याने टेबलावर सांडलेलं पीठ हाताने गोळा केलं. "माझी गाडी घेताना मी शोरूममध्ये हे विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

मला वाईट वाटलं होतं ते घोड्यांचं नव्हतं. आजवर या माणसाने मला एकटीला वाळवंटातल्या प्लांटवर जाऊ दिलं, माझ्या शब्दावर घर घेतलं, आणि एका मुठीपुरता माझ्यावर भरवसा ठेवला नाही, हे मला सहन होत नव्हतं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. मग सांगितलं, "मीना सलमान बंदराजवळच्या गॅरेजला जाऊन हे मी काढून आणणार आहे. पण त्याआधी शनिवारी गाड्या बदलायच्या. तुमची मी चालवणार, माझी तुम्ही. बघू तरी, मला काय झेपत नाही ते."

शनिवारी सकाळी रस्ता रिकामा होता. समोर उन्हात पिवळी पडलेली जमीन, तेलाच्या पाइपलाइनी आणि मोकळं आभाळ. मी त्याची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि मूठ पिळली. जिथे माझी गाडी हात टेकायची, तिथे ही खांदे झटकून पुढे निघाली. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. वेग टिपणारे कॅमेरे आठवले तशी लगेच मूठ सोडली. तेवढ्यात मला जे कळायचं ते कळलं होतं. गाडी माझं ऐकत होती.

मग आरशात पाहिलं. नवरा मागून येत होता, आणि क्षणभर वाटलं की दुसराच कुणी आहे. इतक्या वर्षांत त्याच्या मागे बसून मला त्याचे खांदे पाठ झाले होते, नेहमी कानापर्यंत चढलेले, दगडासारखे. मला वाटायचं, त्याची बसायची तऱ्हाच तशी. आज ते खाली उतरलेले होते. कोपर सैल होते. एका वळणावर तो चक्क डावीकडे मान वळवून उंटांकडे बघत होता.

आम्ही टपरीवर थांबलो. इथले अरबसुद्धा ज्याला 'करक' म्हणतात असा आपला कडक चहा घेतला. त्याने हातमोजे काढले आणि कप दोन्ही हातांत धरला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मला माझी गाडी झेपत नाही. आधीच्या गाड्यांचीही भीती वाटायची, हिची तर घेतली त्या दिवसापासून वाटते. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या नव्वद घोड्यांच्या पुढे, मग मी कमी कशी घेणार? तुझ्यासाठी बघताना ही लॉक केलेली दिसली आणि वाटलं, निदान तुला तरी दर शुक्रवारी जीव मुठीत धरून चालवायला नको."

माझा राग विरघळला म्हणावं तर तसंही नाही. विचारायला हवं होतं, हे मी ठणकावून सांगितलंच. पण त्याचा भरवसा स्वतःवर नव्हता, माझ्यावर होता, हे कळल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. चहा दुसऱ्यांदा मागवला.

"मग तो तुकडा काढायचा?" मी विचारलं.

"राहू दे की," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा मला रस्ता दिसला."

पुढच्या शुक्रवारी सगळे नेहमीच्या जागी जमले. मी त्याच्या गाडीवरून उतरले तेव्हा दोन-चार माना वळल्या. ग्रुपमधला सगळ्यात मोठ्या गाडीचा मालक लगेच पुढे आला. "काय वहिनी, आज साहेबांची गाडी पळवली? आणि साहेबांना तुमची सावकाश येणारी दिली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा मागून येऊन थांबला. त्याने हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेबांची हीच आहे. सत्तेचाळीस घोडे, मला पुरतात. ती तिची. आणि आज तुम्ही तिच्या मागे राहिलात तर घाबरू नका हो, सावकाश या."