डॉक्टरांच्या मोटारीचा टेकू

मी परळच्या एका कापडगिरणीत फिटर होतो. काम पट्ट्यांचं. इंजिनघरातली ताकद चामड्याच्या पट्ट्यांवरून वरच्या शाफ्टला जायची आणि तिथून साच्यांना, म्हणजे मागांना. पट्टा सैल पडला, घसरला, तुटला की मला बोलावणं यायचं. त्या कामात माझा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला ठाऊक होतं. पुढे जे झालं त्यात या दुसऱ्या गोष्टीचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

एकोणिसावं शतक संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. मुंबईत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त मोटार गिरगावातल्या एका डॉक्टरांनी घेतली. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाने ती काढून टाकली होती. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा, सायकलीसारखी चाकं आणि बसण्याच्या फळीखाली एकच सिलिंडर. या डॉक्टरांनी एकदा माझं चेचलेलं बोट वाचवलं होतं, तेव्हापासूनची आमची ओळख. ते मला अरे-तुरे करीत नसत. गिरणीतल्या माणसाला त्या काळी हे नवलच होतं.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. मोटार दारात उभी होती.

"मिस्त्री, सपाटीवर ही ट्रामच्या घोड्यांच्या पुढे जाते," ते म्हणाले, "पण लालबागच्या अलीकडचा रेल्वेचा पूल हिला चढवत नाही. मी खाली उतरून ढकलतो आणि लोक हसतात. हसण्याचं काही नाही हो. पण माझ्या निम्म्या बाळंतिणी पुलाच्या पलीकडे आहेत."

मी फळी उचलून आत पाहिलं आणि मला हसूच आलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेत होता तो चामड्याचा पट्टाच. आमच्या गिरणीतलं पोरसुद्धा म्हणालं असतं की हा पट्टा मेलाय. ताणून ताणून लांबलेला, तेल पिऊन गुळगुळीत झालेला.

पुढचे पाच-सहा रविवार मी त्या गाडीवर घालवले. गिरणीत वापरतात तसा जाड पट्टा कापून, शिवून बसवला. पुलीवर चामड्याची पट्टी चढवली, म्हणजे पट्टा घट्ट धरेल. इंजिनाकडची पुली बदलून थोडी लहान केली. वेग कमी झाला पण चढाला जोर आला. झडपा घासून बसवल्या. इथल्या उन्हात पेट्रोलची वाफ फार होते आणि इंजिन गुदमरतं, हे दोनदा हात भाजल्यावर कळलं, मग हवेचं भोक मोठं केलं. आणि वजन उतरवलं. गादीची लाकडी बैठक काढून वेताची विणून घेतली. पितळी दिवे दिवसा काढून ठेवायचे ठरलं. मागे लोंबणारा एक लोखंडी दांडा होता, तोही मी सोडवला.

तो दांडा म्हणजे टेकू. चढावर गाडी थांबली की एक साखळी सोडायची. दांडा खाली पडून त्याचं टोक रस्त्यात रुतायचं आणि गाडी मागे घसरायची नाही. ब्रेक होता, पण तो चाक पुढे फिरत असताना धरी. मागे फिरलं की सैल पडे. हे मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला कधीच म्हणता आलं नाही.

"हा कशाला काढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता थांबणारच नाही तर टेकू कशाला? चांगला सात-आठ शेर भरेल." डॉक्टरांनी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे बसून पूल चढलो. माथ्यावर पोचल्यावर डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

दोन महिने गाडी सुरेख चालली. डॉक्टर परळ, लालबाग, काळाचौकी सगळीकडे वेळेवर पोचू लागले. गिरणीत लोक मला मोटारवाला म्हणू लागले.

मग तो दिवस आला. सुट्टीचा दिवस होता. मी डॉक्टरांकडे तेल बदलायला गेलो होतो, तेवढ्यात लालबागच्या एका चाळीतून माणूस धावत आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती, सुईणीने हात टेकले होते. डॉक्टरांनी पेटी घेतली. मी शेजारी बसलो. निरोप घेऊन आलेला माणूस ट्रामने मागून येणार होता.

पुलाच्या पायथ्याशी पाणी मारणारी बैलगाडी नुकतीच गेली होती. धूळ बसावी म्हणून रस्ते भिजवीत, तशी. आमच्या चाकांनी ते पाणी उडवलं आणि पट्टा ओला झाला. ओलं चामडं पुलीवर घसरतं हे पट्ट्याच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. अर्ध्या चढावर इंजिन भरधाव फिरत होतं आणि गाडी जागच्या जागी उभी होती. मग ती मागे निघाली.

डॉक्टर ब्रेकवर जोर देत होते. मी उडी मारली आणि चाकाखाली घालायला दगड शोधू लागलो. दगड सापडला, तोवर मागून किंकाळी आली.

बंदरावर मासळी घेऊन, डोक्यावर पाटी ठेवून परळच्या बाजारात चाललेली ती कोळीण होती. पन्नाशीची असेल. ती कठड्याकडे सरकली होती, गाडीही तिकडेच वळली. तिचा पाय चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडला होता. रस्ताभर बोंबील पसरले होते.

लोकांनी गाडी उचलून बाजूला केली. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. नडगीचं हाड मोडलं होतं. त्यांनी तिच्या पाटीच्या कामट्या तोडल्या आणि माझं मुंडासं फाडून पाय बांधला. ती ओठ दाबून आभाळाकडे बघत होती.

"बाई, तुम्हाला इस्पितळात न्यायला हवं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुलाच्या माथ्याकडे पाहिलं. "पण पुढे एक बाळंतीण अडली आहे. आधी तिथे गेलो नाही तर दोन जीव जातील. तुमचा पाय बांधलाय, तो तासभर थांबू शकेल. तुम्ही सांगाल तसं करतो."

मला वाटलं ती शिव्या देईल. ती म्हणाली, "मना हितं रस्त्यान टाकून जाशील काय?"

"नाही. बरोबर नेतो."

"मंग चल ना. बोलतंस कशाला?"

मी उरलेल्या मुंडाशाने पट्टा कोरडा केला, तो घसरू नये म्हणून गाडीतल्या हत्यारांच्या पेटीतली राळ त्याला लावली. लोकांनी ढकलून गाडी माथ्यावर नेली. डॉक्टर आणि ती पुढे गेले, मी मागून धावत सुटलो.

चाळीच्या अंगणात पोचलो तेव्हा डॉक्टर वर गेले होते आणि ती गाडीत एकटी बसली होती. भोवती शंभर माणसं. कोणी मोटार बघत होतं, कोणी तिला. मी माणसं हटवली आणि तिचा पाय हलू नये म्हणून टाच दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. एका बाईने तिला पाणी दिलं. वरून कण्हणं ऐकू येई, मग ते थांबे, आणि ते थांबलं की ती वर बघे. स्वतः मात्र एकदाही कण्हली नाही.

शेवटी रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं.

"पोरगा हाय का पोरगी?" तिने मला विचारलं.

मला काय ठाऊक? वरच्या गॅलरीतून कोणी तरी ओरडलं, मुलगी, आई बरी आहे. तिने मान हलवली आणि मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टर खाली आले. शर्टाच्या बाह्या रक्ताने भरलेल्या. ते तिला थेट इस्पितळात घेऊन गेले. गाडी गेल्यावर मी अंगणातच बसलो. लोक माझी पाठ थोपटत होते. ही मोटार नसती तर बाई वाचली नसती, असं म्हणत होते. खरंच होतं ते. मला तिथून उठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, "दांडा असता तर हे झालं नसतं."

"गाडी माझी आहे आणि हो मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही हे मनावर घेऊ नका."

पण मनावर घ्यायचं की नाही, हे मोठ्या माणसाने सांगून ठरत नाही. मी दांडा परत बसवला. मागेही धरील असा दुसरा ब्रेक केला, आणि पट्ट्यावर पाणी उडू नये म्हणून पत्र्याचं झाकण केलं. वजन पुन्हा वाढलं. डॉक्टर कधी कधी पुलावर उतरून ढकलू लागले.

तिचं घर माहीमच्या कोळीवाड्यात होतं. इस्पितळातून ती घरी आल्यावर मी गेलो. पाय दोन बोटं आखूड झाला होता. ती दारात जाळ्याच्या दोऱ्या सोडवीत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: दांडा कशासाठी होता, कोणी काढला, का काढला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "डाक्तर तर बोलला, त्याची चूक."

"माझी आहे."

"मंग मना सांगून तुजा पाय बरा झाला," ती म्हणाली. "माजा तसाच हाय."

मी परत निघालो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. कधी छपराचे वासे बसवून दिले, कधी विहिरीचा रहाट. डोक्यावर पाटी घेऊन परळपर्यंत चालणं तिचं कायमचं संपलं. तिची सून ते करू लागली आणि ती माहीमच्या बाजारात बसू लागली. तिला बसून धंदा करणं आवडत नसे. चालताना दारोदार होणारं बोलणं गेलं, असं ती म्हणे.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी निघालो असताना तिने सुनेला हाक मारली आणि माझं पान मांडायला सांगितलं. भात आणि बोंबलाचं कालवण होतं. मी जेवलो. ती समोर पाय लांब करून बसली होती आणि आणखी भात वाढ म्हणून सुनेला खुणावत होती.