चष्मा घरी राहिला

बडोद्याला मी गेले ती एक खोटं पकडायला. देवदर्शन नाही, राजवाडा पाहायचा नाही, साड्या घ्यायच्या नाहीत. बार्शीत मी प्रौढ बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. आमचे साहेब एक दिवस म्हणाले, "बाई, बडोद्याला तुमच्यासारख्या शिक्षिकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. शेवटच्या दिवशी पाणीगेटचा एक वर्ग दाखवणार आहेत. तिथे म्हणे एकही बाई मध्येच सोडून जात नाही. बघून या आणि अहवाल द्या."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मोठ्या बायकांचा वर्ग आणि गळती नाही? सून बाळंत होते, गुडघे धरतात, नवरा कुरकुरतो, बायका गळतातच. काहीतरी पाणी मुरत होतं.

शिवाय माझ्या पोटात दुखत होतं, ते वेगळंच. माझा स्वतःचा वर्ग बुडायला आला होता. पाचांहून कमी बायका झाल्या की वर्ग बंद, आणि माझ्याकडे चारच उरल्या होत्या. पाचव्या होत्या कौसाबाई. कडक भाकऱ्या करून विकतात. एक दिवस त्या धडा घडाघडा म्हणायला लागल्या तेव्हा, पाठ केलाय की काय, अशी मला शंका आली. मी पुढे झाले, धड्यावरच्या चित्रावर पंजा ठेवला आणि मधल्याच एका ओळीवर बोट. "आता हे वाचा." कौसाबाई पुस्तकावर वाकल्या. मग म्हणाल्या, "चष्मा घरी ऱ्हायला, बाई." त्या चष्मा लावतच नव्हत्या! बायका हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मी म्हटलं, गेल्या तर गेल्या, खोटेपणा मला खपत नाही.

पुण्याहून रात्रीची गाडी घेतली. शेजारच्या गुजराती आजींनी थेपले पुढे केले, ते मी "उपास आहे" म्हणून नाकारले. अनोळखी माणसाचं खायचं नाही, हा माझा नेम. सकाळी त्याच आजींनी मला फलाटावर पोहे खाताना पाहिलं आणि नुसत्या हसल्या.

बडोद्याला उतरले तर रिक्षावाल्यांनी गराडा घातला. सांगितलेलं भाडं ऐकून मी ताडकन म्हटलं, "मला काय परगावची समजलात?" परगावचीच होते, पण ते त्यांना कशाला सांगायचं! तडक बस स्टँडवर गेले. उतरायचं होतं कारेलीबागेत, प्रशिक्षणाच्या ठिकाणी. बसच्या पाट्या गुजरातीत. एका पाटीवरचं पहिलं अक्षर ओळखीचं वाटलं, पुढचं मी मनानंच जोडलं आणि खिडकीची जागा पटकावली.

शहर मागे पडलं, मोठा रस्ता आला, दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं लागली, तरी मी निवांत. कंडक्टर आला. मी "कारेलीबाग" म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

"बेन, आ तो करजण जाय छे." (बाई, ही तर करजणला जाते.)

अख्खी बस माझ्याकडे वळली. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवून बोलले नाही, देवाशपथ. "चष्मा घरी राहिला हो."

चष्मा माझ्या कपाळावर होता. कंडक्टरनं तो पाहिला. पाहिला हे मी पाहिलं. तो मान हलवून म्हणाला, "थाय, बेन." (होतं असं.) मधे कुठे बस थांबत नव्हती, म्हणून करजणपर्यंत जावं लागलं. तिथे त्यानं मला स्वतः परतीच्या बसपाशी नेलं आणि तिथल्या कंडक्टरला सांगितलं, "बेन पासे चश्मा नथी, ध्यान राखजो." (बाईंकडे चष्मा नाही, लक्ष ठेवा.) तोंड वर करायची सोय नव्हती. परतीच्या वाटेवर मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. काही दिसेना, पण निदान खोटं तरी धड निभावलं.

स्टेशनवरून मुकाट्यानं रिक्षा केली. विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षावाल्यानं खाली बोट दाखवलं. "मगर, बेन." भर शहरात मगर? मला काय खुळी समजतो? "लाकूड आहे ते," मी ठणकावलं. लाकडानं सावकाश तोंड उघडलं.

प्रशिक्षणाचे दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. एक तरुण साहेब मोबाईलवरून कसं शिकवायचं ते पडद्यावर दाखवत होते आणि पडदा दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. नवी पुस्तकं आली आहेत, नवी चाचणी येणार आहे, असं कळलं. दुपारी सेव-उसळ मात्र झकास. वरून तिखटजाळ तरी, बाजूला पाव. पहिल्या दिवशी मी पाण्याला घाबरून चार घासांत उठले, दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी पाणीगेट. जुन्या दरवाज्याच्या आतल्या गल्लीत, एका धर्मशाळेच्या खोलीत वर्ग भरला होता. शिकवणाऱ्या हंसाबेन माझ्याच वयाच्या, शांत बाई. सतरंजीवर बायका जोडीजोडीनं बसलेल्या. मी आधी हजेरीपट मागितला. आमच्या धंद्यात पहिली लबाडी तिथेच असते, पटावर नावं ढीगभर आणि समोर बायका चार. इथे मोजलं तर उलटं! बायका जास्त, नावं निम्मी. अशी लबाडी मी जन्मात पाहिली नव्हती.

मग मी वह्या बघत फिरले. पुढच्या जोडीतल्या एक ललिताबेन, दुसऱ्या सुमनताई. सुमनताई मराठी निघाल्या. "आमचे पणजोबा इथल्या फौजेत होते, बेन," त्या म्हणाल्या. "मला कोणी शाळेत घातलंच नाही. हाथमां पेन पण नाही धरली." वहीत अक्षरं वेडीवाकडी, दोन चुकाही होत्या. सगळं ठीक दिसत होतं.

मी पान उलटलं आणि मागून बोटं फिरवली. ही माझी जुनी खोड. नवखी बाई पेन्सिल इतकी दाबून धरते की अक्षरं पानाच्या मागे उठतात, बोटांना लागतात. ललिताबेनचं पान खरबरीत होतं. सुमनताईंचं मागून साफ गुळगुळीत. जन्मभर लिहिलेला हात होता तो.

सापडलं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वर्ग सुटल्यावर मी सुमनताईंना ओट्यावर गाठलं. "तुम्हाला लिहिता येतं."

त्यांनी आधी मागे वळून ललिताबेन दूर आहेत ना ते पाहिलं. "हळू बोला ने, बेन. मी मॅट्रिक आहे. मराठी, गुजराती बेउ (दोन्ही) येतात."

"मग इथे ढोंग कशाला?"

"ललिता माझी नवी पडोशी. नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आली. तिला शिकायचं होतं, पण एकटीला शरम येत होती. म्हणे, एवढ्या वयात मी एकटीच ठोठ (ढ) दिसेन. तर मी म्हटलं, चल, मला पण नाही येत. आता दोन वर्षं झाली." त्या हसल्या. "चुका करायला लई मेहनत लागते हां. तिच्यापेक्षा एक चूक जास्त करायची, म्हणजे तिला बरं वाटतं."

"आणि बाकीच्या?"

"दर जोडीत एक माझ्यासारखी. हंसाबेनना माहीत आहे, म्हणून तर आमची नावं पटावर नाहीत. साहेब लोकांना सांगणार काय तुम्ही?" त्यांचा चेहरा एकदम उतरला. "ललिताला कळलं तर ती परत नाही यायची, बेन."

मी पर्स उचलली आणि उठले.

कारेलीबागेच्या बसपर्यंत पोहोचवायला ललिताबेनच आल्या. वाटेत त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुमनने कहेता नहीं." (सुमनला सांगू नका.)

"काय?"

"तमे पानुं फेरव्युं ते में जोयुं. मने पहेलेथी खबर छे." तुम्ही पान उलटलं ते मी पाहिलं, मला पहिल्यापासून माहीत आहे. पुढचं त्यांनी हिंदीत, हातवारे करत सांगितलं. पहिल्या दिवशी पुस्तक वाटलं तेव्हा ललिताबेननी ते उलटं धरलं होतं. सुमनताईंनी आपलं सरळ धरलं, मग इकडे पाहिलं आणि घाईघाईनं उलटं केलं.

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"ए आववानुं बंद करी दे तो? घरे एकली छे, बिचारी." (ती यायची बंद झाली तर? घरी एकटीच असते.)

समोरून बस आली. ललिताबेननी डोळे बारीक करून पाटीवरचं एकेक अक्षर जुळवलं, "का... रे... ली... बाग," आणि मला हाताला धरून बसमध्ये चढवलं. "आवजो," म्हणाल्या. मला रडू आलं. लोक बघत होते, तरी आलं.

परतीच्या गाडीत हंसाबेननी दिलेलं गुजराती पहिलं पुस्तक काढलं आणि वहीत चार अक्षरं गिरवली. मग सवयीनं पान उलटून बोटं फिरवली. सगळं उठलं होतं. सोळा वर्षं मी बायकांच्या वह्या मागून चाचपत आले, कोण खरं, कोण खोटं ते शोधायला. पेन्सिल एवढी दाबून का धरतात, ते मात्र त्या दिवशी माझ्या दुखऱ्या अंगठ्यानं सांगितलं. अहवालात लिहिलं, "वर्ग खरा आहे." साहेबांना आणखी हवं होतं. मी दिलं नाही.

पण ते नंतरचं. बार्शीत उतरल्यावर आधी घरी न जाता कौसाबाईंचं दार गाठलं. त्या भाकरी थापत होत्या. मला पाहून हात थांबला नाही. मी जवळ बसले आणि पुस्तक उघडलं. "मी गुजराती शिकायला लागलेय, कौसाबाई. आपल्याच वर्गात बसून शिकणार आहे. पण सगळ्यांत मीच ढ. एकटीला लाज वाटते. शेजारी कोणी बसेल का, म्हणून आले."

त्यांनी पदराला हात पुसले, पुस्तक ओढून घेतलं, पान निरखलं. वर कमळाचं चित्र, खाली शब्द. मी घाईनं म्हटलं, "कमळ." कौसाबाईंनी पिठानं माखलेला पंजा चित्रावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या ओळीवर.

"आता हे वाचा."

मी बघत राहिले. अक्षरं ओळखीची होती आणि नव्हती.

"चष्मा घरी राहिला," मी म्हटलं. तो माझ्या नाकावर होता.

कौसाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत. पंजा उचलला आणि चित्रावरचं पीठ पदरानं टिपून काढलं.

"असू द्या, बाई. उद्या वर्गात येताना घेऊन या."