संध्याकाळची ड्यूटी

वांगं घेतानासुद्धा देठ उचलून आत डोकावणारी बाई वृद्धाश्रम कसा निवडेल? आमच्या नारायण पेठेतल्या शेजारीण मंदाकिनीताईंबरोबर मी फिरले म्हणून सांगते, आश्रमवाल्यांना घाम फुटला.

भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान श्यामसुंदरराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. म्हातारं माणूस नीट टेकल्याशिवाय यांनी कधी घंटी मारली नाही, असं ताई कौतुकाने सांगायच्या. विस्मरणाच्या आजारात भाऊजी घर विसरले, बायको विसरले, ड्यूटी तेवढी लक्षात राहिली. पाच वाजले की शर्ट खोचून निघायचे. एकदा स्वारगेटच्या चौकात बसखाली येता येता वाचले. ताईंचे गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. भाऊजींच्या मागे धावणार कोण? रोज संध्याकाळी जीव टांगणीला.

आश्रम बघायला ताई न कळवता जायच्या. न्हाणीघरात पाणी ओतून फरशीवर पाय घासून बघायच्या, आधाराचा दांडा अंगाचा सगळा भार टाकून ओढायच्या, खाटेजवळची बेल दाबून कोण येतं ते बघत बसायच्या. मग एकच प्रश्न, "हे संध्याकाळी ड्यूटीला निघाले, तर काय कराल?"

खराडीतल्या एका चकचकीत आश्रमाची मॅनेजर म्हणाली, "डोन्ट वरी मॅडम, दारं लॉक असतात."

"तुरुंगाची चौकशी करायला आले नव्हते मी," म्हणून ताईंनी चपला घातल्या.

दुसरीकडे म्हणे झोपेची गोळी देतात. मेल्यांनो, स्वतःच्या बापाला द्याल? हे मी म्हटलं, चांगलं मोठ्याने.

तिसरी जागा सिंहगड रस्त्याला. भिंतींचा रंग उडालेला, पण फरशी खरखरीत, दांडा पक्का. ताईंचा प्रश्न ऐकून तिथला सेवक उत्तरेश्वर हसला. लातूरकडचा गडी. "मी बी जातो की त्यांच्यासंगं. आवारात फेरी मारू, ड्यूटी संपली की चहा."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. जागा ठरली.

पण भाऊजींना सोडायच्या दिवशी बाईचा पाय निघेना. पुन्हा बेल दाब, पुन्हा दांडा ओढ. मलाही रडू येत होतं, म्हणून मी खेकसले, "अहो चला आता, रिक्षा थांबलीये!"

पाच वाजले होते. भाऊजी शर्ट खोचून उत्तरेश्वरबरोबर फाटकापर्यंत आले. ताईंचा एक पाय रिक्षात, दुसरा गुडघा वाकेना. तेवढ्यात रिक्षावाल्याने गाडी सुरू केली.

"ए, थांब!" भाऊजी कडाडले. "आजीबाईंना बसू दे आधी!"

पुढे होऊन त्यांनी ताईंचा दंड धरला, सावकाश आत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. चेहऱ्यावर ओळख काही नव्हती. "नीट धरून बसा हं, आजीबाई," म्हणाले आणि रिक्षाच्या टपावर दोनदा थाप मारली. आम्ही निघालो.

पेठेत शिरेपर्यंत ताई समोरचा दांडा घट्ट धरून होत्या. मी म्हटलं, "सोडा हो आता, आलं घर."

"असू दे," ताई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलंय."